बोअर मे मध्ये उचकी देतो, तरी ड्रिपवर 3 एकर केळी लावावी का?

बोरीकाठचा
राम राम मंडळी. इथं वाचतो बरेच दिवसांपासून, लिहितोय पहिल्यांदाच, काही चुकलं तर सांभाळून घ्या. मी पारोळा तालुक्यातला. सहा एकर वावर, त्यातलं चार एकर काळं आणि दोन मुरमाड. 52 फुटांची विहीर आहे आणि 380 फुटांचा एक बोअर. आतापर्यंत मे संपता संपता ड्रिपवर कापूस लावायचो आणि तो उपटला की पाणी बघून मका नाहीतर हरभरा. यंदा कापसानं पार वाट लावली, वेचणीची मजुरी अंगावर आली आणि बोंडअळीचं तर विचारूच नका.

साडू रावेरकडचा आहे, केळीवाला. लग्नात भेटला की एकच पाढा, कापूस सोड, टिश्यूची केळी (प्रयोगशाळेत तयार केलेली टिश्यू कल्चरची रोपं) लाव, आता ड्रिप आहे त्यामुळे पाणी कमी लागतं, बारा महिन्यात पैसा हातात. मलाही पटतंय. जूनमध्ये 3 एकर मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीची केळी लावायचा विचार आहे. पाणी कमी पडलं तर अजून एक बोअर मारायचा, पाणाड्या येऊन गेला, दोन जागी नारळ उभा राहिला म्हणे. घरची म्हणते आधीच्या बोअरचं कर्ज फिटू दे मग नारळ उभे करा.

तर प्रश्न असा की ड्रिपवर 3 एकर केळी माझ्या पाण्यात बसेल का, आणि दुसरा बोअर मारावा का. अनुभव असलेल्यांनीच सांगा, ऐकीव नको.

तापीथडी
सगळं लिहिलं भाऊ, पाणी किती ते लिहिलंच नाही.

बोरीकाठचा
दोन इंच पाणी आहे दादा. दिवाळीपर्यंत फुल्ल, नंतर जरा कमी.

गिरणाकाठ
दोन इंच पाणी हा आपल्या खान्देशातला सगळ्यात मोठा गैरसमज आहे, रागावू नका. पाइप दोन इंची आहे, पाणी दोन इंच नाही. त्याच दोन इंची पाइपातून तासाला दहा हजार लिटर पण येतं आणि तीन हजार पण. लांबून दोन्ही सारखंच दिसतं, पाइपाच्या तोंडाला हात लावला की कळतं.

आमचे आजोबा म्हणायचे, भाऊ, तुना बोरमा पानी कितलं शे ते पहिले मोज, मंग पीक सांग. तर मोजायची पद्धत सांगतो. 200 लिटरचा ड्रम घ्या, मोबाइलचं स्टॉपवॉच लावा. मोटर चालू केल्या केल्या मोजू नका, तेव्हा बोअर खोटं बोलतो, रात्रभर साचलेलं पाणी वर फेकतो. तास दोन तास चालवा मग मोजा. आणि आत्ताच मोजा, एप्रिलच्या शेवटी, कारण केळीला जे पाणी लागणार आहे ते नोव्हेंबरचं नाही, मे महिन्याचं. दिवाळीत तर माझ्या शेजाऱ्याच्या बोअरला पण आर्टेशियनची, म्हणजे आपोआप वर उसळणाऱ्या पाण्याची ऐट असते.

आता हिशोब. 5 बाय 5 वर एकरी 1742 खोडं बसतात. जूनमध्ये लावलेली टिश्यू जानेवारी फेब्रुवारीत निसवते (केळफूल बाहेर येतं), म्हणजे एप्रिल मे मध्ये अंगावर घड असतो, घड भरायची वेळ आणि वर 44-45 डिग्री. त्या दिवसांत खोडाला रोज 20 लिटर धरा, झळा जास्त असल्या तर अजून. 1742 गुणिले 20, म्हणजे एका एकराला रोज 35 हजार लिटर. तीन एकराला लाखाच्या वर. लाइट आठ तास धरली तर ताशी 13 हजार लिटर पाहिजे, तेही न थांबता. तुमचा बोअर बसतो का यात ते ड्रम सांगेल, नारळ नाही.

कोरडवाहू_माणूस
नारळ उभा राहतो तो पाणाड्याच्या पाचशे रुपयांसाठी. 😄

सातपुडा_पायथा
मी यावलकडची, माहेर सासर दोन्हीकडे केळीच. साडूभाऊंना दोष नाही, त्यांच्या जागी बसून ते खरंच बोलताहेत. पण त्यांची जमीन आणि तुमची जमीन एक नाही. आमच्याकडे सातपुड्याच्या पायथ्याला खाली गोटे, वाळू, गाळ असा थर आहे, पाऊस तिथं जिरतो आणि खोल का होईना साठून राहतो. तुमच्याकडे तापीच्या दक्षिणेला खाली काळा पाषाण, फट सापडली तर पाणी नाहीतर 700 फूट जाऊन पण नुसती धूळ.

आणि आमचं पण काही ठीक चाललंय असं नाही. माझ्या सासऱ्यांच्या काळात विहिरीवर मोट होती म्हणे, मी लग्न होऊन आले तेव्हा विहिरी आटून त्यात आडवे बोअर चाललेले, आता सगळे उभे बोअर आणि दर दोन चार वर्षांनी मोटर अजून चार पाइप खाली सोडायची. रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या सरकारी यादीत अतिशोषित म्हणून आलेले आहेत, म्हणजे पावसानं जेवढं जमिनीत भरतं त्याच्यापेक्षा आम्ही जास्त उपसतो. आमच्याकडे तर ड्रिप नाही असं केळीचं वावर शोधून सापडायचं नाही. मग पाणी का वाचलं नाही? कारण ड्रिप आल्यावर जो 4 एकर करायचा तो 7 एकर करायला लागला. मी पण केलं, खोटं कशाला बोलू.

दुसरं म्हणजे केळीचं दुखणं फक्त पाणी नाही. मे जूनमध्ये वादळ आलं की अर्ध्या तासात घडासकट बाग आडवी. जुलै ऑगस्टमध्ये ढगाळ आणि रिमझिम राहिलं की सीएमव्ही हा विषाणूरोग, ज्याला आपण हरण्या म्हणतो, मग रोपं उपटून फेकायची. डिसेंबर जानेवारीत पारा खाली गेला की चरका, पानं पिवळी, निसवण अडकते. फळपीक विमा हवामानावर असतो, त्याचे ट्रिगर ठरलेले असतात, तुमच्या मंडळातल्या केंद्रावर तेवढं तापमान किंवा वारा नोंदला गेला तरच पैसे. पश्चिमेकडून शेवरी किंवा गिन्नी गवत दाट लावा वारा अडवायला, हे मात्र नक्की करा, लावणीच्या आधीच करा, नंतर उपयोग नाही.

तापीथडी
ताई, तुम्ही तर सगळ्यांना घाबरवूनच टाकलं.

सातपुडा_पायथा
घाबरवत नाहीये हो, मी आजही केळीच लावते. पण आमच्याकडे तीन पिढ्या मजूर, व्यापारी, गाड्या, सगळी साखळी आहे. पारोळ्यात तुमच्या एकट्याच्या 3 एकरासाठी गाडी भरायला व्यापारी येईल का ते पण विचारून घ्या, नाहीतर माल बागेत पिकेल.

बागाईतदार_शहादा
मी वेगळं मत मांडतो. सगळे लगेच नको नको म्हणताय. असंच म्हणत बसलं तर खान्देशात कोणी काही लावूच नये. शेततळं करा ना. पावसाळ्यात बोअर आणि विहीर भरून वाहतात तेव्हा ते पाणी वर उचलून तळ्यात भरायचं, कागद टाकायचा, मार्चपासून वापरायचं. आमच्याकडे पपई आणि मिरची यावरच निघते. शिवाय मागेल त्याला सौर कृषी पंप मध्ये 10 टक्के भरून पंप मिळतो, दिवसा पाणी, रात्रपाळी बंद. रात्री दोनला बॅटरी घेऊन जायचं, साप, बिबट्या, हे आता पुरे.

गिरणाकाठ
शेततळ्याला माझा विरोध नाही, पण त्याचा पण हिशोब मांडा. वरून 30 मीटर बाय 30 मीटर तळं म्हणजे 900 चौरस मीटर तोंड उघडं. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला सेंटीमीटरभर पाणी नुसतं वाफ होऊन उडतं. म्हणजे रोज 9 हजार लिटर आकाशाला दान. जमिनीखाली गार सावलीत होतं ते पाणी आपण लाइट जाळून वर काढायचं आणि उन्हात ठेवायचं. वाहून जाणाऱ्या ओढ्याचं, पावसाचं पाणी तळ्यात घ्या, एक नंबर काम. बोअरच्या पाण्यानं तळं भरणं म्हणजे शेजाऱ्याच्या विहिरीतलं आपल्या टाकीत ओतणं, कारण खालची फट त्याची आणि तुमची एकच असते.

सौर पंपाचं बरोबर, दिवसा पाणी मिळतं हे मोठं सुख आहे. पण त्याला बिल नाही, त्यामुळे सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालूच. आमच्या शिवारात एकानं ठेवला तसा, दोन वर्षात त्याचा आणि शेजारच्या दोघांचा बोअर बसला. आता तिघं एकमेकांशी बोलत नाहीत.

पांझरेकाठी
बोलत नाहीत हेच तर मूळ दुखणं आहे. मी साक्रीकडचा, आमच्याकडे फड पद्धत होती, कुठं कुठं अजून थोडी टिकून आहे. तरुण पोरांना माहीत नसेल म्हणून सांगतो. पांझरेवर दगडी बंधारे, त्यातून पाट, पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे फड पाडलेले, समजा चार. एका फडात ऊस, एकात गहू हरभरा, एकात खरिपाचं पीक, असं दरवर्षी फिरत राहायचं. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि गंमत अशी की बहुतेकांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात. पाणी कमी असलं की सगळे बसून ठरवायचे की यंदा एक फड पडीक. म्हणजे नुकसान झालं तर ते सगळ्यांचं, कोणाचं वावर कोरडं आणि कोणाचं हिरवं असं नाही. पाणी द्यायला पाटकरी, तोच रोज बघणार कोणाच्या वाफ्याला किती गेलं. मालकानं स्वतः पाट फोडायचा नाही, कितीही मोठा माणूस असो.

माझे काका पाटकरी होते. त्यांच्या हातात फावडं आणि कंदील, रात्रीच्या पाळीला पाटाच्या कडेनं चालत जायचे. पाणी आलं की आधी आवाज यायचा, कोरड्या पाल्यातून सरसर, मग पाणी दिसायचं. वाफा भरत आला की ते बांधावर बसून वास घ्यायचे मातीचा आणि सांगायचे आता फोड पुढचा. घड्याळ नव्हतं त्यांच्याकडे.

मग वर धरणं झाली, प्रत्येकाची विहीर झाली, नंतर बोअर, फडाची गरज कोणाला राहिली नाही. आता जो तो आपल्या बटणाचा मालक. बोरीकाठचे भाऊ एकटे किती पाणी वाचवतील, शेजारचा रात्रभर ऑटो स्टार्टर लावून झोपला तर ते वाचलेलं पाणी त्याच्या कापसाला जाणार.

कोरडवाहू_माणूस
काका सही बोलले. पण फड परत येणार नाही, आता जमिनीचे तुकडे बघा आणि गावातलं राजकारण बघा.

बोरीकाठचा
मंडळी, मोजलं. दोन दिवस ड्रम घेऊन बसलो होतो, पोरगं स्टॉपवॉचवर, गावातले येणारे जाणारे हसत होते, एकानं विचारलं दूध मोजतोय का.

बोअर चालू केल्यावर पहिला 200 लिटरचा ड्रम 2 मिनिट 10 सेकंदात भरला. वाटलं जमलं. अर्ध्या तासानं तोच ड्रम भरायला सव्वातीन मिनिटं लागली. 40 मिनिटांनी उचकी सुरू, फस फस हवा आणि गढूळ पाणी, बंद केला. मग दीड तास थांबून परत लावला तर परत 40 मिनिटं. लाइटच्या आठ तासात असे चार हप्ते झाले, सगळं मिळून 11 हजार लिटरच्या आसपास. विहीर 20 फूट व्यासाची आहे, पूर्ण उपसली तर सकाळपर्यंत दीड फूट चढते, म्हणजे 13 हजार. दोन्ही मिळून 24-25 हजार लिटर. म्हणजे तुमच्या हिशोबानं बाराशे खोडं. एक एकर पण नाही. आणि मे अजून पुढंच आहे.

खरं सांगू, मला वाटत होतं माझं पाणी याच्या तिप्पट आहे. सहा वर्षं त्या बोअरकडे बघून वावराचं गणित करत होतो. साडूला फोन करून सांगितलं तर तो म्हणतो मोजत बसला तर शेती कशी होणार.

गिरणाकाठ
शाबास. दहा गावं फिरलो तरी ड्रम घेऊन बसणारा एक सापडत नाही. आता दुसऱ्या बोअरचं उत्तर तुम्हाला मिळालंच असेल. पहिला बोअर 40 मिनिटात रिकामा होतो म्हणजे त्या फटीत पाणी येण्याचा वेगच तेवढा आहे, दुसरा बोअर त्याच फटीला लागला तर तेच 11 हजार दोन मोटरींत वाटून निघेल आणि बिल दोनाचं. वेगळी फट लागेल पण, तो जुगार आहे, खेळायचा तर कर्ज काढून खेळू नका. शिवाय आपल्या भूजल कायद्यात 60 मीटरच्या, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जाण्यावर बंधन आहे, कोण पाळतं ते सोडा.

बोरीकाठचा
मग कापूसच का परत? त्यानं पण मारलंय.

पांझरेकाठी
कापूस ठेवा पण मे मध्ये लावू नका. मे मधला कापूस तुमचं सगळ्यात महागडं पाणी पितो, जेव्हा एक लिटर पण कमी असतं तेव्हा. वर बोंडअळीला लवकर फुलं मिळतात, तिची पिढी लवकर सुरू होते, कृषी विभाग दरवर्षी ओरडून सांगतो ते याचसाठी. जूनचा चांगला ओलावा होऊ द्या, मग लावा, आणि ड्रिप ठेवा पावसाच्या खंडासाठी. 2023 चा ऑगस्ट आठवा, 1901 पासूनच्या नोंदीतला देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो, आपल्याकडे पातेगळ (कापसाच्या कळ्या गळणं) कशी झाली होती. त्या तीन चार आठवड्यांत ज्याच्याकडे ड्रिप आणि विहिरीत थोडं पाणी होतं त्याचा कापूस तरला. आता पाऊस पडतो तेवढाच, पण चार दिवसात धो धो आणि मग वीस दिवस गायब. आपल्याकडे ड्रिपचा खरा उपयोग उन्हाळा हिरवा करायला नाही, पावसाळ्यातली ती भोकं बुजवायला आहे.

चार एकर काळं आहे ना, त्यातल्या एक दीड एकरात खरिपाला मूग उडीद घ्या आणि सप्टेंबरच्या शेवटी दादर, म्हणजे रब्बीची ज्वारी पेरा. दादरला काळ्या जमिनीतली ओल पुरते, पाणी देऊ नका तरी येते. चारा मिळतो, कडबा विकला जातो, आणि दादरीची भाकरी विकतच्या ज्वारीला येत नाही. पोरांना पिझ्झा पाहिजे तो भाग वेगळा.

सातपुडा_पायथा
आणि केळीची हौसच असेल तर अर्धा एकर लावा, बाराशे नाही, आठशे खोडं. पालापाचोळा, कापलेली पानं सगळी बुडाशी अंथरा, ऊन मातीला लागू देऊ नका, त्यानं पाण्याची पाळी खरंच लांबते. व्यापाऱ्याचं मात्र आधी बघा.

शिरपूरकर
उशिरा वाचला धागा. कोणी पुनर्भरणाचं बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्या तालुक्यात 2004 नंतर भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकरांनी नाले खोल रुंद करून छोटे बिनदाराचे बंधारे बांधायचं काम केलं, त्याला शिरपूर पॅटर्न म्हणतात. कोरड्या विहिरींना पाणी आलं हे डोळ्यानं बघितलंय. तज्ज्ञांमध्ये वाद पण आहेत, प्रत्येक जमिनीला तेच लागू पडत नाही, नुसतं जेसीबीनं खोदून पाषाणाला पाणी पाजता येत नाही. पण भाऊंकडे विहीर आहे, विहिरीजवळ नाला आहे का? असेल तर विहिरीशेजारी खड्डा करून खाली मोठे दगड, वर खडी, वर वाळू, आणि त्यातून पाइप विहिरीत. वर्षाला वाळूचा वरचा थर बदलायचा, नाहीतर काळ्या मातीचा गाळ बसून बंद. एक पथ्य, फवारणी झालेल्या वावरातलं पाणी त्यात सोडू नका, ते विहिरीतच जाणार आणि तेच तुम्ही पिणार.

बोरीकाठचा
नाला आहे, विहिरीपासून शंभर फुटांवर. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पावसाच्या आत खड्डा करून घेतो, खड्ड्याला बोअरच्या दहाव्या हिश्शाएवढा पण खर्च नाही.

ठरलं असं की दुसरा बोअर रद्द, घरची खूष, पाणाड्याचा फोन आला तर उचलत नाही. अडीच एकर कापूस जूनच्या पावसावर ड्रिप अंथरून, दीड एकर मूग मग दादर, मुरमाड दोन एकरात तूर. केळी यंदा नाही, पुढच्या मे मध्ये परत ड्रम घेऊन बसतो, खड्ड्यानं विहिरीला काय फरक पडला ते बघू आणि मग साडूला उत्तर देऊ.

एक छोटा प्रश्न राहिला. ड्रिपच्या नळ्या काल बघितल्या तर जागोजागी खारींनी कुरतडलेल्या, एका ओळीत अकरा भोकं. जॉइनर लावून लावून कंटाळलो. औषध वगैरे काही आहे का?

सातपुडा_पायथा
औषध टाकू नका हो. त्यांना नळीतलं पाणी पाहिजे असतं, नळी नको असते. बांधाच्या झाडाखाली दोन तीन पसरट परळ ठेवा पाणी भरून, रोज सकाळी भरा. आमच्याकडे बंद झालं कुरतडणं. आणि गोळा केलेल्या नळ्या उन्हात टाकू नका, शेडमध्ये टांगून ठेवा.

बोरीकाठचा
ठेवतो ताई. 24 हजारातलं दहा लिटर खारींना.